ऑर्डर ऑफ मेरिट, मुक्काम पाटणकर बाजार

सोमवारी सकाळी काका दूध आणायला निघाले आणि दूध न घेताच ओट्यावर येऊन बसले की समजावं, रात्री अमेरिकेत गोल्फची एखादी स्पर्धा संपली. हातात पिशवीऐवजी वही असते. ‘कोण जिंकलं?’ असं त्यांना विचारायचं नाही. ‘किती मिळाले?’ असं विचारायचं.

परक्याच्या पैशात जीव रमणारा एक तरी काका लष्करातल्या प्रत्येक गल्लीत सापडेल. (लष्कर म्हणजे ग्वाल्हेरातली दौलतराव शिंद्यांची छावणी. १८१० साली पडली, ती उठलीच नाही.) कुणी सराफ्यातल्या भावावर बोलतो, कुणी आमदारांच्या मालमत्तेवर. आमच्या काकांनी आयुष्यभर एजी ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासली. निवृत्तीनंतर तपासायला काहीच उरलं नाही, तेव्हा त्यांना गोल्फ सापडला. खेळ नव्हे, त्याचा हिशेब. गोल्फची काठी त्यांनी उभ्या जन्मात हातात धरलेली नाही. टीव्हीवर लागला तर म्हणतात, “हिरवळच बघायची तर फूलबागेत जाऊ की, भैया.”

मोसमात सगळ्यांत जास्त कमाई कुणाची, यावर ओट्यावर शर्त लागते. ग्वाल्हेरच्या मराठीत पैज लागत नाही, शर्तच लागते. भाव ठरलेला: नया बाजारातल्या पाच कचोऱ्या. समोरच्या घरातले वकीलसाहेब दर वर्षी आठवण देतात, की १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे शर्तीचा करार फोल आहे, कचोऱ्यांसाठी कोर्टात जाता येणार नाही. आणि दर वर्षी स्वतःही शर्त लावतात. हरले की कलम आठवतं.

काका या खेळाच्या प्रेमात पडले ते टक्केवारीमुळे. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर साधारणपणे पहिल्याला एकूण बक्षिसाचे १८ टक्के, दुसऱ्याला १०.९, तिसऱ्याला ६.९, चौथ्याला ४.९. दोन दिवसांनंतर जो ‘कट’मध्ये बसला नाही, त्याला बहुतेक ठिकाणी काहीच नाही, भाड्याचे पैसेसुद्धा पदरचे. आणि तिघे दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत सुटले, तर दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्याची रक्कम एकत्र करून तीन सारखे वाटे. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा काका बराच वेळ गप्प बसले होते. “आपल्या वाड्याची वाटणी करायला हे लोक का नाही आले?” एवढंच म्हणाले.

इतकी सूक्ष्म नजर, पण माणूस निवडताना ती कामाला येईलच असं नाही. आपल्याकडच्या व्यावसायिक गोल्फ टूरची, म्हणजे पीजीटीआयची, ऑर्डर ऑफ मेरिट ही मोसमाची क्रमवारीही कमाईवरच ठरते. २०२०-२१ च्या मोसमात काकांनी उदयन माने निवडला. कारण एकच, आडनाव. माने पहिला आला आणि काका वर्षभर ‘फॉर्म बघावा लागतो’ असं सांगत हिंडले. २०२३ ला मात्र पंचाईत झाली. ओमप्रकाश चौहान चांगला खेळत होता, मध्यप्रदेशचाच, महूचा. पण महू पडलं होळकरांकडे! शिंद्यांच्या राजधानीत बसून होळकरांकडच्या माणसावर कचोऱ्या लावायच्या? काकांनी दुसराच कुणी घेतला. चौहाननं मोसमात १ कोटी १८ लाखांवर कमावले, पीजीटीआयवर तोवर एका मोसमात कुणाला एवढे मिळाले नव्हते. काकांनी पाच कचोऱ्या मोजून दिल्या आणि म्हणाले, “१८१८ ला मंदसौरचा तह झाला नसता तर महूला छावणी झाली नसती, छावणी नसती तर गोल्फ नसता. चूक होळकरांचीच.”

शुभंकर शर्माचा जन्म झाशीचा. २०१८ ला तो आशियाई टूरच्या कमाईत पहिला आला, तेव्हाही काकांनी त्याला घेतलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. झाशीबद्दल ग्वाल्हेरात जपूनच बोलावं.

पण २०२४ चं वर्ष काकांचं. त्यांनी स्कॉटी शेफलर घेतला. १७ मे, शुक्रवार. दुपारच्या चहाला बातमी आली, की लुईव्हिलच्या पोलिसांनी शेफलरला पकडलं. पीजीए चॅम्पियनशिपचा दुसरा दिवस, मैदानाच्या फाटकाशी वाहतुकीचा काही घोळ. वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. “गेला हो तुमचा माणूस!”

“कसा जाईल?” काकांनी बशी खाली ठेवली. “अटक अठ्ठेचाळीस तासांच्या वर गेली तरच निलंबन. तोवर पूर्ण वेतन.”

आमच्याकडे दिवेलागण झाली तेव्हा शेफलर सुटून मैदानावर उभा होता. त्या दिवशी त्यानं ६६ चा डाव खेळला. पुढे आरोपही मागे घेतले गेले. काकांनी वहीत शेरा मारला: ‘त्याच दिवशी कामावर रुजू.’

ऑगस्टमध्ये त्यानं पॅरिसला ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेतलं. राष्ट्रगीत वाजताना तो रडला, ते बघून काकूंनीही पदर डोळ्याला लावला. काकांनी त्या स्पर्धेपुढे लिहिलं: ‘रक्कम निरंक.’

अनंत चतुर्दशीच्या तोंडावर हिशेब बंद झाला. शेफलर २ कोटी ९२ लाख डॉलर, रुपयांत २४० कोटींच्या पुढे. वकीलसाहेबांचा गडी जॉन राम, सौदी पैशाच्या लिव्हवाला. त्याला मोसमाअखेर १ कोटी ८० लाख डॉलरचा बोनस मिळाला होता, तो धरा म्हणून वकीलसाहेब अडून बसले. काका म्हणाले, “लेखाशीर्ष वेगळं. आणि बोनस धरायचाच, तर माझ्या माणसाचा अडीच कोटींचा आहे, तोही धरतो.” वकीलसाहेबांना कलम ३० आठवलं.

कचोऱ्या खायला नेमके पुण्याचे दोघं चुलतभाऊही होते. गणपतीला आले होते, आणि वाड्याचं एकदा काय ते करून टाकू म्हणून. जेवणं झाल्यावर काकांनी वही उघडली.

“आपण तिघं दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत. दहा पूर्णांक नऊ, सहा पूर्णांक नऊ, चार पूर्णांक नऊ. बावीस पूर्णांक सात भागिले तीन.”

“दुसऱ्या क्रमांकावर? मग पहिला कोण?” धाकट्यानं विचारलं.

“आजोबा. अठरा टक्के त्यांचे. त्यांनी बांधला.”

धाकट्यानं मोबाइलवर बेरीज केली. “अण्णा, एकूण चाळीस पूर्णांक सातच होतात. बाकीचं?”

“ते भाडेकरूंकडे,” काका वही मिटत म्हणाले. “चाळीस वर्षं झाली. एकाचाही कट चुकलेला नाही.”