शोभेचा टेपरेकॉर्डर

जुन्या रील-टू-रील टेपरेकॉर्डरला सध्या बरे दिवस आलेत. म्हणजे तो वाजत नाही, दिवाणखान्यात फुलदाणीशेजारी बसतो. वाजवायचा तर हेड अल्कोहोलने पुसा, डीमॅग्नेटाइझ करा, रबरी पट्टा बदला. त्यापेक्षा मुका बरा!

सत्तरच्या दशकातल्या काही टेपांचा लेप हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. मग त्या साधारण ५४ अंशांवर काही तास शेकतात, तेही भट्टीचा काटा सांभाळत. नंदुरबारकरांना हसू येईल. इथं मे महिन्यात पत्र्याखालचं कपाट हेच काम फुकटात करायला निघतं. फक्त थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही. पुढे जूनची ओल येऊन बुरशीचं उद्घाटन करते.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत आता ढोलांपेक्षा मोबाइल उंच. सगळं ‘सेव्ह’! फोन बदलला की तेही होळीत. जुनी ॲसिटेट टेप सडताना निदान व्हिनेगरचा वास सोडून बोंब तरी मारते. मेमरी कार्ड न सांगता जातं.

तेव्हा यंत्र खुशाल शोभेला ठेवा, पण सोबतच्या डब्यातल्या टेपा भंगारवाल्याला देऊ नका.