तरुणांना ग्रामसभेत सामील करून घ्यावे कसे? (सरपंचांसाठी सोपी कृती)

ग्रामसभेत युवकांचा सहभाग वाढवा, असे वरून अधूनमधून सांगण्यात येते. घाबरून जाऊ नये. पुढीलप्रमाणे केल्यास सहभाग वाढतो आणि कारभारालाही धक्का लागत नाही.

१. तरुण निवडणे : कायद्याप्रमाणे १८ वर्षे पूर्ण होऊन मतदार यादीत नाव आले की कोणीही ग्रामसभेचा सदस्य होतो. ही व्याख्या फार सैल आहे. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे, हाताला काम नाही आणि ज्याचा बाप आपल्या गटात आहे, तो तरुण समजावा.

२. कळवणे : सभेची नोटीस सात दिवस आधी लावावी लागते. ती जरूर लावावी. फक्त फळा कार्यालयाच्या आत आणि कार्यालयाला कुलूप असावे. शिवाय ‘युवाशक्ती’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढावा. त्यावर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल, एवढी काळजी घ्यावी.

३. जबाबदारी देणे : सतरंज्या अंथरणे, माइक लावणे, १५ ऑगस्टला जिलेबी वाटणे ही कामे पूर्णपणे तरुणांच्या हाती सोपवावीत. यात ज्येष्ठांनी ढवळाढवळ करू नये.

४. गणपूर्ती : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हवीत. जमली नाहीत तर उत्तम! सभा तहकूब करावी. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तोवर पोरे क्रिकेटला गेलेली असतात. मग आठदहा जाणत्यांनी पारावर बसून विकास आराखडा मंजूर करावा. त्यात युवकांसाठी पेव्हर ब्लॉक असावेत.

५. प्रश्न आल्यास : एखाद्याने पाण्याच्या टाकीचा हिशेब विचारला, तर विषय ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये टाकावा आणि ती वेळ येण्याआधी आभार मानून घ्यावेत. तरी ऐकेना, तर प्रेमाने विचारावे, “कोणाचा रे तू?” एवढ्याने बहुतेक लोकशाही खाली बसते.

६. विशेष सावधानता : गावातल्या अभ्यासिकेवर लक्ष ठेवावे. तिथे स्पर्धा परीक्षेची पोरे ७३ वी घटनादुरुस्ती पाठ करत बसतात. ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, हे त्यांना झोपेतही सांगता येते. हे ज्ञान उत्तरपत्रिकेत राहिले तर धोका नाही. पण एखादी पोरगी पुस्तक मिटून थेट सभेत येते, उभी राहते आणि म्हणते, “आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा.” ग्रामसेवक वही शोधू लागतात. वही सापडते, तीत तिचीच सही असते. त्या दिवशी ती तालुक्याला परीक्षेचा फॉर्म भरायला गेलेली असते.

अशा वेळी रागावू नये. ती परीक्षा पास व्हावी म्हणून ग्रामदैवताला नारळ फोडावा. झाली तर ग्रामसेवक होऊन दुसऱ्या कुठल्या तरी गावी जाईल. तिथल्या सरपंचांना ही कृती आधीच पाठवून द्यावी.

नापास झाली, तर मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत तिला २१ वर्षे पूर्ण होतात का, ते मतदार यादीत पाहून ठेवावे. आणि सरपंचपदाची सोडत महिलेसाठी निघू नये, म्हणून आणखी एक नारळ हाताशी असू द्यावा.