विकाऊ होडीची बातमी

"काकी, ऐकलंस का? वळणावरच्यांनी होडी काढली विकायला."

"काढली कुठे गो, विकली! परवा सातपाटीकडचा माणूस येऊन बयाणा ठेवून गेला. तू कुठल्या जगात असतेस?"

उत्तनमध्ये लग्न ठरलं तर तीन रविवार चर्चमध्ये पुकारा होतो. घर विकायचं असेल तर दलाल गावभर सांगत फिरतो. होडी विकायची गोष्ट मात्र कुणी तोंडाने बोलत नाही. नाखवा म्हणतो, रंगकाम चाललंय. नाखवीण म्हणते, बघूया. आणि बातमी बर्फाच्या कारखान्यावरून मेकॅनिककडे, मेकॅनिककडून जाळीवाल्याकडे अशी फिरत फिरत शेवटी काकीकडे येऊन टेकते. काकीच्या आणि आमच्या अंगणामधलं कुंपण जुन्या डोलीच्या, म्हणजे जाळ्याच्या, तुकड्याचं आहे. त्यातून कोंबड्या तेवढ्या अडतात, बोलणं अडत नाही.

सध्या जुलै चालू आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांना दर्या बंद. शेजारचं पाली गाव म्हणा, चौक गाव म्हणा, सगळ्या होड्या वर ओढून प्लास्टिकखाली झाकलेल्या. भाईंदर स्टेशनवरून बसने येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, गावाला सुट्टी लागली. सुट्टी कसली? होड्यांचे सौदे याच दिवसांत होतात. पाण्यात असते तोवर होडीचं पोट दिसत नाही. वर काढली की सगळं उघडं.

"पोट बघितलं का त्याने?" काकीचा पहिला सवाल.

"रंग बघितला म्हणे. झकास आहे म्हणाला."

"मेला! रंग काय बघायचा? विकायच्या आधी सगळेच रंग काढतात. होडीवर ताजा रंग दिसला की दोन पावलं मागे सरायचं."

काकीचा बाप तांडेल, सासरा नाखवा. तिने होडीत पाय ठेवला असेल तो सणासुदीलाच, पण लाकडाचं तिला जे कळतं ते आमच्या घरच्यांना कळत नाही. ती म्हणते, पठाणापासून सुरुवात करायची. पठाण म्हणजे होडीच्या बुडाचं टोकापासून टोकापर्यंतचं लाकूड, ज्यावर सगळी होडी उभी राहते. हातातल्या हातोडीने एका टोकाकडून ठोकत जायचं. टणक लाकूड टणटण बोलतं, कुजलेलं भद्द करतं. मग दाभण घ्यायचं आणि फळ्यांच्या सांध्यात, खिळ्यांच्या आजूबाजूला टोचून बघायचं. लोण्यात शिरल्यासारखं दाभण आत गेलं तर समजायचं, दर्याच्या किड्याने आतून घर केलंय. बाहेरून फळी शाबूत, आत बोगदे. आता फायबरची होडी आली, तिला किडा लागत नाही. पण लाकडावर फायबरचा थर चढवलेली जुनी होडी असली तर आणखी सावध. थराखाली पाणी साठलं की लाकूड कुजत राहतं आणि वरून काहीच कळत नाही.

"आणि इंजिन?" मी विचारलं.

"इंजिन तुझ्या नवऱ्याला बघू दे. पण मी सांगते ते त्याला सांग."

बऱ्याच होड्यांत इंजिन मुळात ट्रकचं असतं, लेलँडचं सहा सिलिंडरवालं. ते दर्यात चालेल असं करून घेतात आणि बसवतात. जुनं घ्यायचं तर लोक कुर्ल्याला जातात, दारूखान्याला जातात. दारूखाना म्हणजे रे रोडजवळ, जिथे जुनी जहाजं फोडतात. तिथल्या गल्ल्यांतून नांगराच्या साखळ्या, दोरखंड, पंखे, गिअरबॉक्स, लाइफबोया, काय मागाल ते मिळतं. कुठल्या जहाजाचं, किती वापरलेलं, ते विचारायचं नाही. काकीचं म्हणणं एवढंच, की गिऱ्हाईक यायच्या आधी विकणारा इंजिन तापवून ठेवतो. गरम इंजिन पहिल्या चावीला सुरू होणारच. म्हणून सकाळी न सांगता जायचं, इंजिनाला हात लावून बघायचं, थंड असेल तरच सुरू करायला सांगायचं. धूर निळा आला तर ऑइल जळतंय. आणि ऑइलची पट्टी बाहेर काढून बघायची. त्यावरचं तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय, मग घरी परतायचं.

"तुला गं हे कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवायला लागतं का? तीस वर्षांपूर्वी आमच्याकडे असं इंजिन आलं, माझ्या पाटल्या गेल्या. पाटल्या गेल्यावर बाई आपोआप शिकते."

आता खरी गोष्ट. होडीचा सौदा नाखवा करतो, पैसा मात्र पहिल्यांदा बाईच्या पेटीतून निघतो. ऑगस्टला दर्या खुला व्हायच्या आधी डिझेल भरायचं, बर्फ भरायचा, खलाशांना उचल द्यायची, जाळी सांधायची. त्या वेळी मासळी नाही, म्हणजे हातात रोकड नाही. मग सोनं गहाण. सोनारापुढे लाइन लावून उभ्या राहिलेल्या बायका बघितल्या की मोसम जवळ आला हे कळतं. म्हणून होडी विकल्याची बातमी बायकांना आधी कळते. सोनं सोडवायला कोण गेली, कोण गेली नाही, एवढ्यावरून.

"मग वळणावरच्यांनी का विकली?" मी हळूच विचारलं.

काकीने इकडेतिकडे बघितलं आणि मग गळा मोकळा सोडून सांगितलं, जे अर्ध्या आळीने ऐकलं. पोरगा जहाजावर लागलाय, क्रूझवर. त्याला तांडेल व्हायचं नाही. सुनेला बोंबलाचा वास येतो. ते एक. दुसरं, खलाशी मिळत नाहीत. आपल्या गावची पोरं होडीवर जात नाहीत, मग डहाणू-तलासरीकडचे, गुजरातचे, त्याहून लांबचे आणायचे. हंगामाची उचल आधी द्यायची. कधी तो येतो, कधी उचल घेऊन तिकडेच राहतो आणि फोन बंद. तिसरं म्हणजे बोंबील. डोलीला पहिल्यासारखा बोंबील लागत नाही. उधाणाच्या चार दिवसांत जे मिळायचं ते आता पंधरवड्यात मिळत नाही, असं सगळेच सांगतात. किनाऱ्याजवळ गाळ, कचरा, प्लास्टिक. शहराचा कचरा आमच्या धावगी डोंगरावर, तो पावसात खाली येतो, शेवटी आमच्याच जाळ्यात. लांब जावं तर डिझेल जास्त. आणखी लांब जावं तर तेलाचे प्लॅटफॉर्म. त्यांच्या भोवती ५०० मीटर जायचं नाही. त्यातून वादळं, २०१९ साली क्यार, पाठोपाठ महा, मग २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. प्रत्येक वेळी होडी परत बोलवायची आणि डिझेल फुकट. कारणं एवढी की विकण्याला आणखी कारण कशाला हवं?

"पण मग घेणारा का घेतोय?"

"तेच तर मी विचारते! तिकडे वाढवणचं बंदर येतंय, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात भूमिपूजन झालं. सातपाटी-डहाणूच्या माणसांना आपलं मासेमारीचं क्षेत्र जाईल अशी धास्ती. आणि हा म्हणतो, मी होडी घेतो. मनुष्य एकतर मोठा हिंमतवाला असेल, नाहीतर त्याच्या बायकोला कुणी विचारलं नसेल."

मला काकीचं हे दुसरं कारण जास्त खरं वाटतं.

गंमत म्हणजे भूमिपूजनाच्याच दिवशी पालघरातच होड्यांवर बसवायच्या ट्रान्सपाँडरचीही सुरुवात झाली. दर्यात मोबाइलची रेंज संपते तिथून होडीला संदेश द्यायचा-घ्यायचा, असा तो यंत्राचा डबा. आता जुन्या होडीबरोबर तो डबाही आला. म्हणजे विकताना होडी, इंजिन, जाळी, नांगर, वायरलेस, जीपीएस आणि वर हा. यादी करताना सगळे बोलतात ते जाळ्याबद्दल, कारण जाळं दिसतं. आमच्याकडे डोलच जास्त. मोठ्या तोंडाची, शेवटाकडे निमुळती होत जाणारी पिशवी, भरती-ओहोटीच्या पाण्याच्या जोरावर फुगणारी. तोंडाशी भोकं मोठी, मागे जाईल तशी बारीक. विकणारा सांगतो, डोल दोन वर्षांपूर्वीची. तुम्ही मागचा भाग उलगडून बघा. घासून केसाळ झालेलं सूत आणि वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्याने सांधलेली भोकं दिसली तर जाळ्याने बरंच काही सोसलंय. काकीच्या आजीच्या काळी जाळं सणाचं-सुताचं असायचं आणि ऐनाच्या सालीच्या पाण्यात शिजवावं लागायचं, नाहीतर कुजायचं. नायलॉन आलं आणि कुजणं संपलं. फाटणं मात्र संपलं नाही. सांधण्यापलीकडे गेलेलं जाळं किलोवर भंगारवाला नेतो. जे नेत नाही त्याचं आमच्यासारखं कुंपण.

"जाळं जाऊ दे," काकी म्हणाली, "कागद बघितले का?"

आणि तिथे ती आवाज उतरवून बोलू लागली. काकी आवाज उतरवते तेव्हा बातमी खरी असते.

होडीचा नोंदणीचा कागद, नोंदणी जहाज कायद्याखाली. मासेमारीचा परवाना, राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली. होडीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला नंबर दोन्हीकडे तोच पाहिजे. विमा कुणाच्या नावावर आहे ते बघायचं. मच्छीमार सोसायटीचा दाखला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कर्ज. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजनेतून पुष्कळ होड्या आल्या. योजना सोसायटीमार्फत, होडी कागदावर सभासदांच्या गटाच्या नावावर, चालवणारा प्रत्यक्षात एक. कर्ज थकलं तर वसुली कुणाकडून? होडीकडून. आता ती तुमच्या दारात उभी असली तर तुमच्या दारात.

"वळणावरच्यांचं थकलंय का गं?"

"मी तसं म्हटलं का? मी फक्त म्हटलं, बघायला पाहिजे."

डिझेलच्या परताव्याचंही असंच. डिझेलवरचा विक्रीकर सरकार परत देतं, पण तो कधी येईल ते सांगता येत नाही. मागचा थकलेला परतावा जुन्या नाखव्याचा की नव्या? या एका वाक्यावरून भाईंदरपासून अर्नाळ्यापर्यंत भांडणं झालेली आहेत. जुना म्हणतो, डिझेल मी जाळलं. नवा म्हणतो, होडी माझी. दोघांचंही बरोबर. म्हणून ते सौद्याच्या कागदावर आधी लिहून घ्यायचं.

आणि नाव न बदलता होडी चालवणं, हा आमच्याकडचा जुना आळस. "मित्राचीच आहे, करू पुढे कधीतरी." २००८ च्या नोव्हेंबरात अतिरेकी पोरबंदरच्या कुबेर नावाच्या मच्छीमार ट्रॉलरवरून मुंबईला आले, तेव्हापासून दर्यातली तपासणी बदलली. खलाशांची ओळखपत्रं आली, कोणती होडी कुणाची याला महत्त्व आलं. होडी विकून टाकली, पैसे घेतले, पण नाव तुमचंच राहिलं, आणि ती कुठे पकडली गेली तर पोलिसांचा फोन तुम्हालाच. घेणाऱ्याचंही तेच. नाव नसेल तर परवाना नाही, परताव्यावर हक्क नाही, वादळात बुडाली तर भरपाई मागायला तोंड नाही. आता ही नोंदणी रिअलक्राफ्ट नावाच्या ऑनलाइन यंत्रणेत होते, म्हणजे पोराला बसवून करून घेता येते. जो पोरगा क्रूझवर जातो त्याला एवढं तर येतंच.

होडीवर लिहिलेलं नाव ही वेगळी गंमत. आमच्याकडे 'वेलंकनी माता' असते, ती विकली की नवा मालक 'एकवीरा प्रसन्न' करतो. दोन पावसाळ्यांनी रंग उडतो आणि एकवीरेच्या मागून वेलंकनी हळूच डोकावते. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. ऑगस्टमध्ये नारळही फोडतात आणि फादर येऊन आशीर्वादाचं पाणीही शिंपडतात. दर्यात जाणाऱ्याला जितके पाठीराखे तितके बरे. पण सरकारी नंबर एकच असतो, त्याला दोन देव चालत नाहीत.

"बयाणा परत मिळेल का त्याला, कागदात काही निघालं तर?" मी विचारलं.

"लिहून घेतलं असेल तर मिळेल. तोंडावर विश्वास ठेवला असेल तर..." काकीने कुंपणातून हात घालून आमच्या बाजूला आलेली कोंबडी ओढली. "त्याची बायको फोन करील मला. नंबर कुणीतरी देईलच."

काकीचा नंबर सातपाटीपर्यंत पोचला असेल याची मला शंका नाही. पण सगळ्यांनाच काकी शेजारी मिळत नाही. तेव्हा उत्तनला, पालीला, चौकला, नाहीतर वसई-अर्नाळ्याला कुणाची होडी विकाऊ आहे असं कानावर आलं, तर आधी सोसायटीतून आणि बँकेतून येणं-बाकी नसल्याचा दाखला आणा, नोंदणी आणि परवाना दोन्ही आपल्या नावावर करून देण्याचं लिहून घ्या, बयाणा त्यानंतर द्या. इंजिन सुरू करायला सांगायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही सकाळी, थंड असताना.