साहेबांसाठी वर्तनशास्त्र : पाच सोप्या पायऱ्या

साहित्य : एक साहेब, चाळीस कर्मचारी, विमानतळावर घेतलेले व्यवस्थापनाचे एक पुस्तक (निम्मे वाचले तरी चालेल) आणि दोन दिवसांचे नेतृत्व शिबिर. शिबिर नाशिकच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये असेल, तर साहेब ओझरच्या विमानतळावर उतरतील. तिथून त्यांनी थेट गाडीत बसावे. आसपासच्या शिवारात रेंगाळू नये. कारण पाचव्या पायरीत दिले आहे.

पायरी पहिली : दंड लावा. उशिरा येणाऱ्याचा पगार कापला की तो सरळ होतो, हे ज्ञान साहेबांना जन्मतःच असते. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या संशोधकांनी इस्रायलमधल्या हैफा शहरात ते पाळणाघरांवर तपासून पाहिले. मुलाला न्यायला दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला की पालकांना दहा शेकेल दंड. निष्कर्ष २००० साली छापून आला : उशीर करणारे वाढले. आधी पालक बाईंसमोर ओशाळायचे. आता पैसे मोजून उशीर विकत घेऊ लागले. दंड रद्द झाला तरी ओशाळणे काही परतले नाही. साहेबांनी यातून एवढाच बोध घ्यावा की, दंडाची रक्कम कमी पडली.

पायरी दुसरी : राउंड मारा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४पासून दिवे कमीजास्त करून उत्पादन मोजले गेले. आपल्याकडे कोणी बघते आहे, एवढ्यानेच कामगार जोमाने काम करतात, अशी त्या प्रयोगांची ख्याती झाली. पुढे जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा हा परिणाम फारच किरकोळ निघाला. हे राउंडच्या वेळी कोणाला सांगू नये.

पायरी तिसरी : चुका शून्यावर आणा. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. जिथे चमू चांगला, तिथे चुकांची नोंद जास्त, असे त्यांना आढळले. त्या चमूंत लोक चूक कबूल करायला घाबरत नव्हते. म्हणजे उपाय सोपा : चूक सांगणाऱ्याला सर्वांसमोर झापावे. पुढच्याच महिन्यात नोंदवही कोरी होते.

पायरी चौथी : सर्वांना सहभागी करून घ्या. अर्थात, निर्णय झाल्यावर. दारात सूचनापेटी ठेवावी आणि तिची किल्ली हरवावी.

पायरी पाचवी : ओझर टाळा.

इथे साहेबांनी विशेष सावध राहावे. हे निफाड तालुक्यातले गाव एकेकाळी मिग विमाने बांधणाऱ्या एचएएलमुळे प्रसिद्ध आहे. विमानांपासून साहेबांना काही धोका नाही. धोका पाटाच्या पाण्यात आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचा कालवा ओझरच्या शिवारापर्यंत येतो, पण ओझर पडले कालव्याच्या शेपटाला. वरच्यांचे भिजून उरेल ते खाली, आणि उरायचे काहीच नाही. सरकारी पद्धत साहेबांना ओळखीची वाटेल : प्रत्येकाने सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरीची वाट बघायची आणि पाणी आले नाही की वरच्यांना शिव्या द्यायच्या.

समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी मात्र शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या. बैठकांवर बैठका. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यायचे, आपसांत जमिनीच्या प्रमाणात वाटायचे, पाणीपट्टी आपणच गोळा करायची. काय पिकवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पाणी मोजून मिळू लागल्यावर ते वाया घालवणे म्हणजे स्वतःच्याच खिशाला भोक पाडणे झाले. ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत पाणी अडवून विहिरींना पाझर आणला, आणि शेपटाकडे द्राक्षबागा दिसू लागल्या.

यात साहेब कुठे आहेत? हीच तर अडचण. नियम करणारे, पाळणारे आणि मोडणाऱ्याला पकडणारे, सगळे एकाच चारीवरचे. पाळी चुकवणाऱ्याला उद्या त्याच शेजाऱ्याच्या बांधावरून जायचे असते; तिथे हैफाचे ओशाळणे फुकटात आणि कायमचे मिळते. योगायोग असा की, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या पुस्तकात सामायिक संपत्ती टिकवणाऱ्या संस्थांची लक्षणे मांडली, त्यांत हेच होते : नियम वापरणाऱ्यांनी करावेत, देखरेख करणारा त्यांनाच उत्तरदायी असावा. त्यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वाघाडच्या चोवीस संस्थांनी एकत्र येऊन सगळ्या प्रकल्पाचेच व्यवस्थापन अंगावर घेतले, आणि २००५मध्ये महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला.

असले उदाहरण शिबिरात कोणी काढलेच, तर साहेबांनी ‘ते शेतीचे आहे, आमचे कॉर्पोरेट आहे’ असे म्हणून चहाची सुट्टी जाहीर करावी.

परतीच्या वाटेवर गाडीचा चालक फोनवर ‘आज पाळी कोणाची?’ असे घरी विचारू लागला, तर कानात हेडफोन घालावेत. विमानाला उशीर झाला, तर दहा शेकेल कोणाकडून वसूल करायचे, याचा विचार करत बसता येईल.