५० किलो नायट्रोजन, १० किलो हायड्रोजन

एनसीईआरटीच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात, पहिल्याच धड्यात, ५० किलो नायट्रोजन आणि १० किलो हायड्रोजन एकमेकांच्या अंगावर सोडून दिलेत. अमोनिया किती तयार होईल ते काढा, आणि लिमिटिंग रिएजंट कोण, म्हणजे आधी कोण संपणार, तेही सांगा. वायू किलोवर कुणी जोखून दिला, कशात भरून आणला, असले प्रश्न विचारायचे नसतात. संध्याकाळच्या क्लासला मी हे गणित फळ्यावर लिहायला घेतो तेव्हा माझी कळी उगाचच खुललेली असते, कारण पुढचं नाटक मला पाठ आहे.

मी खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर येतं, "हायड्रोजन, सर!" वही मिटलेली, पेनाचं टोपण जागेवर.

"का रे?"

"कमी आहे ना सर. दहाच किलो."

पुढचा बाक तोवर मान खाली घालून लिहीत असतो. त्यांनी नायट्रोजनला २८नं भागलंय, हायड्रोजनला २.०१६नं. हो, पॉइंट शून्य एक सहासकट! नायट्रोजन निघाला साधारण १७८६ मोल, हायड्रोजन ४९६०. "सर, नायट्रोजन! मोलमध्ये नायट्रोजन कमी आहे." आणि मागच्या बाकाकडे एक जळजळीत कटाक्ष.

इथे माझी पंचाईत होते. उत्तर हायड्रोजनच आहे. ज्यानं काडी इकडची तिकडे केली नाही त्याचं बरोबर, आणि ज्यांनी किलोचे ग्रॅम, ग्रॅमचे मोल केले ते तोंडघशी. नायट्रोजनच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन लागतात आणि त्या तीननं भागायचं तेवढं राहून गेलं. ४९६० भागिले ३, म्हणजे १६५३. एवढ्याच नायट्रोजनला हायड्रोजन पुरणार. उरलेला नायट्रोजन, पावणेचार किलोच्या आसपास, हात हलवत परत. मागचा बाक टाळ्या पिटतो. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. मागच्या बाकाच्या गाई हे पुस्तक राखतं.

यावर माझ्याकडे उतारा आहे. लगेच दुसरं गणित घालायचं: १० ग्रॅम हायड्रोजन, ६४ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती? मागून तत्काळ, "हायड्रोजन!" आता मात्र देव रजेवर असतो. हायड्रोजन ५ मोल, ऑक्सिजन २ मोल. दोन मोल ऑक्सिजनला चार मोल हायड्रोजन पुरतो, एक मोल उरतो. सहापट वजनाचा ऑक्सिजन आधी संपला. पाणी ७२ ग्रॅम, उरलेला हायड्रोजन २ ग्रॅम, बेरीज ७४. जेवढं घातलं तेवढं निघालं. ही बेरीज करून बघायची सवय लावा म्हणून मी घसा कोरडा करतो, पण परीक्षेत बेरीज करायला वेळ कुणाला असतो? अमोनियाच्या गणितात नायट्रोजन आधी संपतो असं धरून पुढे गेलात, तर अमोनिया ६०.८ किलो निघतो. घातलं सगळं मिळून ६० किलो! एकाही पोराला यात काही वावगं वाटत नाही. असा कारखाना कुणी काढलाच, तर पहिले शेअर मी घेईन.

माझे व्यवसायबंधू हे सगळं वडापाववर भागवतात. बारा वडे, वीस पाव. बारा वडापाव झाले, आठ पाव उरले, समजलं? समजतं. कुणाला नाही समजणार? पण त्यात वडे आधीच मोजून दिलेले असतात, आणि खरी मेख नेमकी तिथे आहे. रसायनशास्त्र मोजून काही देतच नाही, तागडीत घालून देतं. अडीच किलो वडे आणि दीड किलो पाव, वडापाव किती, असं विचारून बघा. आधी एका वड्याचं वजन विचारावं लागेल, मग एका पावाचं. मोल म्हणजे तेवढीच भानगड. पण हे सांगेपर्यंत वर्गाचा निम्मा जीव उरलेल्या आठ पावांत अडकलेला असतो. "सर, चटणी लावून खाल्ले तर?" "सर, लादी सहाची असते, वीस कुठून आणले?"

या हिशेबाला स्टॉइकिओमेट्री हे अवघड नाव रिश्टर नावाच्या एका जर्मन गृहस्थानं १७९२मध्ये दिलं. रसायनशास्त्र ही गणिताचीच एक शाखा, असं त्याला मनापासून वाटायचं. अकरावीतल्या पोरांनाही तसंच वाटतं, फक्त मनापासून नाही.

घरी मात्र हा विषय वही न उघडता समोर येतो. बर्नरची भोकं बुजली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्यांची बुडं काळी. गॅस भरपूर, हवा अपुरी, म्हणजे लिमिटिंग रिएजंट ऑक्सिजन. न जळलेला कार्बन पातेल्याला लागलाय. हे मी बायकोला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातात सुई दिली, भोकं साफ करायला.

आमच्या वर्गातलं एक पोरगं चेंबूरचं. तिकडे आरसीएफचा खतकारखाना आहे, दुसरा अलिबागजवळ थळला, त्यामुळे अमोनिया म्हटलं की त्याचे कान टवकारतात. त्यानं विचारलं, कारखान्यातही असंच ५० आणि १० किलो घालतात का? म्हटलं, नाही रे. तिथे मुळात एकास तीन याच प्रमाणात वायू सोडतात, हवेच्या दीड-दोनशे पट दाबाखाली, चारशे-साडेचारशे अंश तापमानाला, लोखंडाच्या उत्प्रेरकावरून. तरीही एका फेरीत साधारण १५ टक्केच अमोनिया बनतो. तो थंड करून बाजूला काढतात आणि उरलेले वायू पुन्हा आत ढकलतात. फेरीवर फेरी चालूच.

त्यानं फळ्याकडे पाहिलं. तिथे माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून, अमोनिया ५६.३ किलो असं उत्तर लिहिलेलं होतं.

"मग सर, हे एका दमात कुणाला मिळाले?"

"पेपर काढणाऱ्याला," मी म्हटलं, आणि मागच्या बाकानं पहिल्यांदाच वही उघडून काहीतरी लिहून घेतलं.