खोलीतून गळ

दापोलीकडे मासे गरवायला निघालेला पुणेकर आधी खोली शोधतो. फोनवर प्रश्नांची फैर: एसी आहे ना? गिझर? गॅलरीतून समुद्र दिसतो ना? भरती किती वाजता, हे मात्र कोणी विचारत नाही. समुद्र जणू चोवीस तास रूम सर्व्हिसला हजर!

कर्दे-मुरूडचा किनारा सपाट. ओहोटीला पाणी असं मागे सरतं की ‘सी-टच’ खोलीतून टाकलेला गळ ओल्या वाळूत जाऊन पडावा. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. नाश्ता मात्र आठ ते दहाच. मासा खडकाच्या कपारीत, जेटीच्या खांबांपाशी किंवा खाडीच्या तोंडाशी. तिथल्या घरात खोली मिळते, स्वस्तही असते. पण पाहुणे दारातच नाकाला रुमाल लावतात.

“काकू, हा वास कसला हो?”

“बोंबील वाळत घातलेत.”

“बंद नाही का करता येणार?”

मासेमारीच्या सहलीला आलेल्यांची ही तक्रार!

त्यातले हुशार लोक जूनमधली निम्म्या दराची ऑफर पकडतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, समुद्र खवळलेला, खडकावर उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. मग गॅलरीत बसून भजी. इतर मोसमात संध्याकाळी हर्णैच्या लिलावात पापलेट घ्यायचं, त्याच्याशेजारी गळ ठेवून फोटो काढायचा. फक्त बर्फ नीट झटकावा.