चार खांब, एक झेंडा

१९२८ साली बार्सिलोनात मोन्तजुईक टेकडीच्या पायथ्याचे चार खांब पाडले. ते कुणाच्या वाटेत नव्हते, छतही पेलत नव्हते. पुच इ कादाफाल्क या वास्तुविशारदाने १९१९ साली ते उभारले, कॅटलन झेंड्याच्या चार लाल पट्ट्यांची खूण म्हणून. स्पेनमधल्या प्रिमो द रिवेराच्या हुकूमशाहीला तेवढंही खपलं नाही. वर्षभरात तिथं जागतिक प्रदर्शन भरलं आणि टेकडीवर ‘पोब्ले एस्पान्योल’ उभं राहिलं. स्पेनच्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या घरांच्या, चौकांच्या नकला एकाच कुंपणात. कॅटलोनियाची घरं चालतील, पण अनेकांतली एक म्हणून, असा त्याचा सरळ अर्थ. ही दंडेलीच होती.

पण कॅटलन अभिमानाचं खातंही तपासायला हवं. त्यांचा वैभवाचा काळ मध्ययुगातला, म्हणून शहराने मध्ययुगीन दिसायचं ठरवलं. कॅथेड्रलच्या दर्शनी भागाचं काम १८८७ साली निघालं, मधला मनोरा पुरा व्हायला १९१३ उजाडलं. बिस्बे गल्लीवरचा तो नक्षीदार दगडी पूल, ज्याखाली खंजीर खुपसलेली कवटी दाखवतात, तोही १९२८ चाच. अस्सल गॉथिक समजून लोक माना वर करकरून त्याचे फोटो काढतात.

आणि खरोखर जुनं होतं त्याचं काय झालं? १९०८ पासून व्हिया लायेताना हा रुंद रस्ता काढायला जुन्या वस्तीच्या गल्ल्याच्या गल्ल्या भुईसपाट केल्या. हजारो लोक घरांतून उठले. कासा पादेयास हा जुना वाडा मात्र नशिबाचा. त्याचा दगडन्‌दगड सोडवून १९३१ साली राजचौकात पुन्हा रचला. आज तिथं शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. वाडा श्रीमंताचा, म्हणून हलवला. गरिबांच्या चाळवजा घरांसाठी एवढी मेहनत कोण घेतो?

खांब २०१० मध्ये पुन्हा उभे राहिले, मूळ जागी कारंजं आल्यामुळे थोडे बाजूला. उत्तमच झालं. जे जबरदस्तीने पाडलं ते लोकांनी हक्काने परत मागितलं. आता त्याच हक्काने नव्या गॉथिक दगडांवर बांधकामाचं साल ठळक कोरा, आणि व्हिया लायेतानाखाली कुठल्या गल्ल्या गेल्या त्यांची नावं रस्त्याकडेच्या फरसबंदीवर लिहा.